तीन हातांचा रेणू

एमएस्सीला मी वर्गात पहिला आलो होतो आणि माझी बायको चौथी. तेव्हा अर्थात ती माझी बायको नव्हती. पाथर्डीच्या पुढच्या एका गावातून नगरला शिकायला आलेली, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, प्रॅक्टिकलला माझ्या शेजारच्या टेबलावर उभी राहणारी मुलगी होती. तिचं घर शेतकऱ्याचं, माझं मास्तरांचं. आजोबा मास्तर, वडील मास्तर, आणि मी कॉलेजात शिकवायला लागलो तेव्हा आईने नगरजवळच्या आमच्या सगळ्या केडगावात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आमच्या लग्नाला दोन्हीकडून कुरकुर झाली, पण फार टिकली नाही. सासऱ्यांनी तर पहिल्याच दिवाळीला पाहुण्यांना सांगितलं, ‘जावई लई हुशार हाय, नंबरात आलेला.’ मी लाजल्यासारखं केलं होतं.

पीएचडीला नावही आधी मीच नोंदवलं. आमच्याच कॉलेजातल्या एक ज्येष्ठ मॅडम माझ्या गाईड. माझं काम नवे सेंद्रिय रेणू तयार करण्याचं. पुढे मुलगी शाळेत जायला लागल्यावर बायकोनेही त्याच मॅडमकडे नाव नोंदवलं. तोवर ती तासिका तत्त्वावर शिकवत होती, मी कायम होतो. मॅडमनी तिला आमच्याकडे तेव्हा कुणीच करत नसलेला विषय दिला. धातू आणि सेंद्रिय रेणू यांच्या जाळ्या. इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून प्रयोगशाळेत त्यांना सगळे ‘मॉफ’ म्हणतात.

सांगायला सोपं आहे. बांधकामावर पाइपांची परांची उभी करतात, तशी ती रचना, फक्त डोळ्यांना कधीच दिसणार नाही अशा मापाची. पाइप जिथे एकमेकांना मिळतात त्या सांध्यांवर धातूचे अणू, म्हणजे जस्त, तांबं, झिर्कोनियम असं काहीतरी. आणि पाइप म्हणजे टोकांना आम्लाचे गट असलेले सेंद्रिय रेणू. ती टोकं धातूला धरतात, एकेका सांध्याला अनेक रेणू येऊन मिळतात, आणि हे तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा होत गेलं की स्फटिक तयार होतो. वरून पाहिला तर मिठाच्या खड्यासारखा, आतून जवळजवळ सगळा रिकामा. त्या रिकाम्या खोल्यांच्या भिंती इतक्या, की चमचाभर पुडीतल्या भिंती उलगडून अंथरल्या तर एखादं खेळाचं मैदान झाकलं जाईल. खोली केवढी आणि दार केवढं, हे बऱ्याच अंशी आपल्याला ठरवता येतं. म्हणून त्यात हवं ते कोंडता येतं. हायड्रोजन, धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड, एखादं औषध.

हे मला तिने समजावलेलं नाही. सुरुवातीला मीच तिला समजावलं होतं.

बाजारात मिळणारे रेणू जगात सगळ्यांनी वापरून झालेत, नवी जाळी हवी तर रेणूही नवा हवा, असं मॅडमचं म्हणणं पडलं. बायको माझ्याकडे आली. तीन लांब हातांचा, मधोमध नायट्रोजन असलेला आणि तिन्ही हातांच्या टोकांना आम्ल असलेला एक रेणू तिला हवा होता. तिने तो कागदावर काढून दाखवला. मी म्हटलं, करून देतो. त्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. शेवटच्या पायरीवर तो शुद्धच होईना. सिलिका भरलेल्या उंच नळीतून द्रावण थेंब थेंब उतरवत मी तासन्‌तास उभा राहायचो. अखेर पांढरीशुभ्र पूड हाती आली तेव्हा ती एका छोट्या बाटलीत भरली, वर पट्टीवर तिचं नाव लिहिलं आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवली. इतकं नेटकं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

तिने तो रेणू आणि जस्ताचा क्षार एका द्रावकात विरघळवून पोलादी डबीत बंद केला आणि ओव्हनमध्ये ठेवला. त्या द्रावकाला शिळ्या माशासारखा वास येतो. तो तिच्या ओढणीला चिकटून घरी यायचा आणि माझी आई नाक मुरडायची. बऱ्याच डब्या फसल्या. कधी चिखल मिळायचा, कधी काहीच नाही. ती प्रमाण बदलायची, तापमान बदलायची, पुन्हा लावायची. आणि मग एका सकाळी डबी उघडली तर तळाशी काहीतरी चमकत होतं. सूक्ष्मदर्शकाखाली ते स्फटिक सहा बाजूंचे, पाण्यासारखे स्वच्छ दिसले. मॅडम कितीतरी वेळ भिंगाला डोळा लावून वाकून राहिल्या.

‘अगं, हे तर दागिने आहेत,’ त्या म्हणाल्या.

त्या तिच्याशी बोलत होत्या. मी मागे उभा होतो.

स्फटिक पुण्याला गेले, क्षकिरणांनी त्यांची रचना निघाली, आणि संगणकावर चित्र आलं. माझे तीन हातांचे रेणू ओळीने, एकाआड एक, जस्ताच्या सांध्यांना धरून उभे होते, आणि मध्ये मोठमोठ्या खोल्या. सुंदर होतं ते. पण बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘वहिनी, कमाल केलीत.’ हात कुणाचे होते, हे कुणी विचारत नव्हतं.

शोधनिबंध लिहायला घेतला तेव्हा मी बोललो. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, ‘रेणू माझा आहे. वर्ष गेलंय माझं त्यात. दोघांची नावं बरोबरीने पहिली, अशी टीप घालता येते.’

ती लाटणं थांबवून जरा विचारात पडली. मग म्हणाली, ‘रेणू तुझा आहे, म्हणून दुसरं नाव तुझं. पण जाळी मी बांधली. किती वेळा फसली ते तू बघितलंयस. पहिलं नाव मी वाटून घेणार नाही.’

तिचं बरोबर होतं, आणि तेच मला लागलं. चुकीचं बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

निबंध छापून आला. कॉलेजात छोटासा सत्कार झाला. फोटो काढायच्या वेळी तिची शाल सारखी घसरत होती, म्हणून पुष्पगुच्छ माझ्या हातात दिला. तो फोटो अजून विभागाच्या फलकावर आहे. त्यात मी फुलं घेऊन कडेला उभा आहे, एखाद्या पाहुण्यासारखा. ज्या आईने आयुष्यभर माझे नंबर शेजारणींना ऐकवले, ती आता भाजीवालीला सुनेचं परदेशात छापून आल्याचं सांगू लागली. नाक मुरडणं तिने कधीच सोडलं होतं. मी घरी आलो की ती हळू आवाजात म्हणे, ‘तिला उठवू नकोस, दमलीय.’ दमलेला मीही असे.

पुढे दमट दिवस आले आणि जाळी कोसळली.

म्हणजे डोळ्यांना फारसं काही दिसलं नाही. स्फटिक आधी दुधी झाले, मग त्यांची नुसती पूड राहिली. क्षकिरणांच्या आलेखात जिथे टोकदार शिखरं यायची तिथे सपाट टेकाड आलं. हवेतलं पाणी खोल्यांत शिरलं होतं, त्याने जस्ताला धरलं आणि माझ्या रेणूंचे हात सोडवले. अशा पदार्थाचा कुठे काही उपयोग होणार नव्हता. बायको दोन-तीन दिवस धड जेवली नाही. मी मात्र जेवलो. मला भूकच फार लागली होती. आईने केलेली अळूची भाजी मी तोंड भरून वाखाणली, आणि बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं, विषय बदल, हे आपल्या कॉलेजात होण्यासारखं नाही, माझ्याबरोबर सेंद्रियमध्ये ये. हे सांगताना मला फार मोकळं, मोठ्या मनाचं वाटत होतं.

तिने विषय बदलला नाही. एके दिवशी तिच्या टेबलावर मला एक मोठा प्लास्टिकचा डबा दिसला. फ्युमेरिक आम्ल. खाण्याच्या पदार्थांत आंबटपणासाठी घालतात ते. एवढासा, चार कार्बनचा रेणू. बारावीचं पोरगंही फळ्यावर काढून दाखवेल.

‘हे कशाला?’ मी विचारलं.

‘आता हे वापरणार. तुझ्या रेणूचे हात फार लांब आहेत. खोल्या मोठ्या होतात, पण जस्ताचे सांधे पाण्यात टिकत नाहीत. मला आखूड हात हवेत आणि झिर्कोनियमचे सांधे. तिथे एका सांध्याला बारा हात येऊन धरतात. पाण्याला ते सुटत नाहीत.’

‘म्हणजे किलोवर मिळणारं आंबट चालतं, आणि मी वर्ष घालवून केलेलं चालत नाही.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘तसंच आहे.’

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ती वजनकाट्यावर पूड मोजत होती आणि तिचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. मी गाडी काढून बायपासपर्यंत गेलो, एका टपरीवर उभ्या उभ्या चहा घेतला आणि परत आलो. इतके दिवस तिच्या यशात निदान दुसरं नाव तरी माझं होतं. आता तेही राहणार नव्हतं.

ही झिर्कोनियमची जाळी काही तिने शोधलेली नव्हती, ती जगात आधीच झाली होती. स्टाफरूममध्ये विषय निघाला की मी ते आवर्जून सांगायचो. पण तिने जे केलं तेही खरं होतं. त्या घाणेरड्या वासाच्या द्रावकाऐवजी तिने ती साध्या पाण्यात तयार केली, पुडीचे न फुटणारे दाणे बनवले, आणि आपल्याकडच्या कोरड्या हवेत ते कसे वागतात हे बघायला घेतलं. कारण या जाळीच्या खोल्यांना पाण्याची ओढ आहे. हवा कोरडी असली तरी ती त्यातलं पाणी आत ओढून घेते, आणि जरा ऊन लागलं की सोडून देते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती हे सगळं माहेरी घेऊन गेली. ऊसतोडीला गेलेली घरं नुकतीच टेम्पोतून परतली होती, त्यामुळे गाव भरलेलं होतं. सासऱ्यांच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, तिने पारदर्शक पेटी ठेवली, आत काळ्या ताटात दाणे पसरले. रात्रभर झाकण उघडं आणि सकाळी बंद. दुपारी आम्ही वर गेलो तेव्हा पाय भाजत होते. पेटीच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं. थेंब एकमेकांना मिळत खाली उतरत होते आणि कडेच्या पन्हळीत जमून बाटलीत पडत होते. बाटलीचा तळ जेमतेम झाकला गेला होता. ती म्हणाली, तपासल्याशिवाय कुणी प्यायचं नाही. सासऱ्यांनी तोवर बाटली तोंडाला लावली होती.

त्यांनी घोट तोंडात घोळवला. ‘लई न्हाई,’ ते म्हणाले, ‘पन पानी हाय.’

सासूबाईंनी लगेच शेजारच्या बायकांना वर बोलावलं. चारी बाजूंना कुसळं वाळलेली रानं, डोक्यावर ऊन, आणि माझी बायको भर धाब्यावर उभी राहून त्या बायकांना त्यांच्या बोलीत सांगत होती की हवेतबी पानी आसतंय, आपल्याला दिसत न्हाई एवढंच. त्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. कॉलेजात वीस मिनिटांत पेंगणाऱ्या पोरांपुढे उभं राहणाऱ्या मला हेवा वाटला तो त्या पाण्याचा नाही, त्या ऐकण्याचा.

जेवताना सासऱ्यांनी सहज विचारलं, ‘जावईबापू, ह्यात तुमचं काय काम हाय?’

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, ‘तात्या, ह्यांनी मला पहिला रेणू करून दिला. त्यावरच मी शिकले.’

तिने मोठ्या मनाने सांगितलं, आणि म्हणूनच मी हातातला घास परत ताटात ठेवला. ‘व्हय का,’ सासरे म्हणाले आणि त्यांनी भाकरी माझ्या बाजूला सरकवली.

तिचा प्रबंध झाला. पुण्यात एका संशोधन संस्थेत तिला जागा मिळाली. मुलगी शाळेसाठी तिच्याबरोबर गेली. मी आईजवळ केडगावात राहिलो, शनिवारी बसने पुण्याला जाऊ लागलो. माझी पीएचडीची मुदत संपली तेव्हा मॅडमनी मला बोलावून वाढवून घ्यायला सांगितलं. मी वाढवली नाही. तासांचा बोजा आहे, परीक्षेची कामं आहेत, आईचे गुडघे दुखतात, अशी कारणं दिली. सगळी खरी होती. प्रयोगशाळेतलं माझं टेबल दुसऱ्याला दिलं, तेव्हा काचसामान धुऊन, पुसून, कपाटात लावून मी बाहेर पडलो.

मग याच विषयाला जगातलं सगळ्यात मोठं पारितोषिक मिळालं. ज्यांना मिळालं ते दूरदेशीचे मोठे लोक. पण आमच्या कॉलेजाला एकदम आठवण झाली की आपल्याकडेही याच विषयात कुणीतरी काम केलं होतं. तिला व्याख्यानाला बोलावलं. दारात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. आणि प्राचार्यांनी हौसेने ठरवलं की पाहुण्यांची ओळख मीच करून द्यायची.

मी ओळख लिहून नेली होती, शिक्षण, पद, शोधनिबंध अशी नेहमीची. पण व्यासपीठावरून पाहिलं तर सभागृह भरलेलं, मागे मुलं उभी होती. माझ्या तासाला मी हे कधी पाहिलं नव्हतं. कागद मी घडी घालून खिशात ठेवला आणि मॉफ म्हणजे काय ते सांगायला लागलो. परांची, सांधे, हात, खोल्या. फळा मागवला. जस्ताचे सांधे पाण्यात का सुटतात आणि झिर्कोनियमचे का सुटत नाहीत, ते आकृती काढून दाखवलं. मुलं ऐकत होती, खरंच ऐकत होती, आणि मला थांबवेना. प्राचार्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. शेवटी मॅडम पहिल्या रांगेतून हळूच म्हणाल्या, ‘पाहुण्यांनाही बोलू द्या.’ सभागृह हसलं.

बायको माइकसमोर आली. ‘सरांनी सगळं सांगितलंच आहे,’ ती म्हणाली, ‘त्यामुळे मी एकदम पाण्यापासून सुरुवात करते.’ पुन्हा हशा झाला. ती चांगलं बोलली, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

संध्याकाळी गाडीतून केडगावला जाताना ती म्हणाली, ‘माझं अर्धं व्याख्यान तूच दिलंस.’

मी म्हणालो, ‘मी जळतो तुझ्यावर. तुला माहीत नसेल.’

‘मला माहीत नसेल?’ ती म्हणाली. ‘तात्यांनासुद्धा माहीत आहे.’

सिग्नलला गाडी थांबली. ती खिडकीबाहेर बघत बोलली. ‘जळतोस त्याचं मला काही वाटलं नाही. मला वाटायचं, त्या रागाने तरी तू काम करशील. तू काम सोडून दिलंस आणि जळणं तेवढं ठेवलंस. त्याचा मला राग आहे. अजून आहे.’

घरी पोचल्यावर आईने दोघांनाही चहा विचारला आणि आम्ही दोघांनीही नको म्हटलं.

नंतरच्या सत्रात मी मॅडमकडे गेलो. त्यांच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. त्यांनी एका नव्या गाईडकडे माझं नाव पुन्हा नोंदवून दिलं, आणि कोपऱ्यातलं एक टेबल मिळवून दिलं. आता मी नायट्रोजनची टोकं असलेला एक आखूड रेणू करतो आणि तांब्याबरोबर त्याचे स्फटिक वाढवतो. हवेतलं पाणी धरायला नाही. कापड रंगवण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यातला रंग शोषून घ्यायला. हा उपयोग मी मुद्दाम निवडला, कारण तिच्या संस्थेत त्यावर कुणीच काम करत नाही.

गेल्या महिन्यात पहिल्यांदा बरे स्फटिक मिळाले. ते घेऊन पुण्याला गेलो. तिच्या प्रयोगशाळेबाहेर बाकावर गळ्यात पाहुण्याचा पास घालून बसलो होतो. तिची एक विद्यार्थिनी बाहेर आली आणि तिने अदबीने विचारलं, ‘सर, तुम्ही कोणत्या कंपनीकडून?’ मी म्हटलं, नगरहून. ती बरं म्हणाली आणि गेली. काचेतून मला बायको दिसत होती. कुणाला तरी ती झापत होती, एक हात कमरेवर, अगदी तिच्या आईसारखी. क्षकिरणांचं मोठं यंत्र तिच्या मागे घुमत होतं. तसल्या यंत्रासाठी मी आमच्याकडे कितीदा अर्ज केलेत.

माझे स्फटिक तिने भिंगाखाली धरले. ‘भेगा पडल्यात,’ ती म्हणाली. ‘द्रावक फार लवकर उडतंय. सावकाश वाढव.’ हे मला नगरलाच कळलं होतं. तरी मी आलो होतो.

दुपारी तिच्या फ्लॅटवर जेवायला बसलो. मुलगी क्लासला गेली होती. मी पिठलं केलं होतं, तिने भाकऱ्या थापल्या. जेवता जेवता ती त्या विद्यार्थिनीबद्दल बोलायला लागली, तीच, मला कंपनीचा माणूस समजलेली. येऊन सहा महिने झाले नाहीत तिला, काही वाचन नाही, डबी लावते आणि विसरून जाते, आणि उघडली की आत हे एवढाले स्फटिक.

‘एकही भेग नाही,’ बायको म्हणाली. ‘मला इतक्या वर्षांत एकदाही तसे मिळाले नाहीत. नशीब असतं एकेकीचं.’ तिने भाकरीचा तुकडा असा मोडला की पापुद्रा ताटाबाहेर उडाला. ‘आणि वर मलाच विचारते, मॅडम, तुमचे का फुटतात.’

मी तिच्या ताटात आणखी थोडं पिठलं वाढलं.